उजवीकडचा हो

६ जानेवारी

ताई,

फोनवर आपलं जे होतं ते मला परत नको आहे. परवा मी फोन ठेवला तेव्हा ही आतून म्हणाली, बहीणभाऊ बोलत होतात की लिलाव चालला होता. म्हणून लिहितो. कागदावर मधे तोंड घालता येत नाही, एवढा तरी फायदा.

बाबांचं तसंच आहे. कळतं सगळं, शब्द येत नाही. सांगायला तोंड उघडतात, भलताच आवाज येतो, हो-नकोला मानही भलतीच हलते आणि स्वतःवरच चिडतात. झटक्यात उजवा हात गेला तो गेलाच. डावा चालतो, पण त्याने लिहिणं जमत नाही, नुसती गिचमिड होते. मोबाइलवर चित्रं दाखवून पाहिली. ती इतकी बारीक की बोट एकीकडे न्यायला जातात आणि लागतं तिसरीकडेच. मग मोबाइल भिंतीवर.

तर मी एक टेबल बनवतोय. हसू नकोस. वरचा भाग म्हणजे सगळा पडदाच. चित्रं वहीएवढी मोठी, आणि हात लावला की टेबलाला कळतं. एका बोटाचं नाही, सगळ्या बोटांचं एकाच वेळी. विकतचं आपल्या आवाक्यातलं नाही, पण घरी करता येतं. जाड अ‍ॅक्रिलिकचा पत्रा घ्यायचा. त्याच्या कडांना बारके एलईडी लावायचे, रिमोटमध्ये असतात तसले, ज्यांचा उजेड डोळ्याला दिसत नाही. तो उजेड पत्र्याच्या आतल्या आत फिरत राहतो. वरून बोट दाबलं की तेवढ्याच जागी खाली सांडतो. खाली वेबकॅम. त्याच्यासमोर जुन्या फिल्मच्या निगेटिव्हचा काळा तुकडा, म्हणजे त्याला चित्रं दिसत नाहीत, फक्त बोटाचा पांढरा ठिपका दिसतो. ठिपका कुठे पडला ते कॉम्प्युटर ओळखतो. चित्रं खालूनच पाडायची, आरशावरून. आमच्या मालकाकडे सभा-समारंभांना भाड्याने जाणारे प्रोजेक्टर असतात, त्यातला एक त्याने वापरायला दिलाय.

सांगाडा घरातच होता. बाबांचं कटिंग टेबल. उंची, लांबी, सगळं मापात. मधला भाग चौकोनी कापून काढला. बाबा खुर्चीत बसून बघत होते. काही म्हणाले नाहीत. हे वाक्य लिहिल्यावर मलाच कसंतरी झालं, पण खोडत नाही.

हिची कंबर परत धरली आहे. डॉक्टर म्हणाले, उचलाउचल एकदम बंद. बाबांना उचलायचं नाही तर काय करायचं, हे काही ते म्हणाले नाहीत.

तुझा,
बारक्या


१९ जानेवारी

बारक्या,

ज्या टेबलावर बाबांनी उभी हयात कापड बेतलं ते तू करवतीने कापलंस, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. दुकान बंद केलं तेव्हा मशिनं गेली, कात्र्या गेल्या, पण त्या टेबलाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. तुला आठवत नसेल. तुला सोयीचं तेवढं आठवतं.

झालं ते झालं. कल्पना चांगली आहे हेही कबूल करते. लॅबमध्ये मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून ठिपकेच बघत असते, त्यामुळे तुझं ते पांढऱ्या ठिपक्यांचं मला लगेच कळलं. आमची यंत्रं दुरुस्त करायला जो येतो त्याला विचारलं. तो म्हणाला, निगेटिव्हचे दोन तुकडे एकावर एक ठेवायला सांगा, एकातून उजेड गळतो.

मला आत्ता रजा नाही. तू मनात काय म्हणशील ते माहीत आहे, तेव्हा लिहू नकोस. हे म्हणतात, बाबांना इकडे आण. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. आणता येणार नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळेच हे इतक्या मोकळ्या मनाने म्हणू शकतात.

'दुखतंय'चं चित्र मोठं काढ. बाबांनी आयुष्यात कधी दुखतंय म्हणून सांगितलं नाही. आता तरी सांगतील.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

चाललं!

किती खटपट झाली म्हणून सांगू. आधी बोट ओलं केल्याशिवाय ठिपकाच दिसेना. मग पत्र्यावर सिलिकॉनचा पातळ थर दिला. पहिल्या थरात बुडबुडे राहिले, तो खरवडून दुसरा दिला. वर ट्रेसिंग पेपर ताणून बसवला. आता कोरडं बोट, बोथट बोट, अख्खा पंजा, सगळं दिसतं. तुझ्या माणसाचं बरोबर होतं, दोन तुकडे लागले. टेबलाला आवाजही दिलाय. चित्राला हात लावला की ते नाव बोलतं. आवाज हिचा आहे. माझा भरून पाहिला होता, पण बाबांनी तोंड वाकडं केलं.

काल त्यांना समोर बसवलं. चित्रं उमटली तसं त्यांनी आधी डाव्या तळव्याने सगळं टेबल सारखं केलं, कापड पसरल्यावर करायचे तसं. आणि टेबल एकदम पाणी-चहा-खिडकी-दुखतंय असं सगळं एका दमात बडबडलं. ही हसली. बाबाही हसले. हसले, ताई. मग एकेक चित्र. पाणी. पाणी दिलं तर घोटभर घेऊन बोट खिडकीवर. खिडकी उघडली तर बोट रेडिओवर. रेडिओ लावला तर बातम्या नकोत म्हणून परत बोट. असं आम्हा दोघांना नुसतं पळवलं. 'दुखतंय'ला काही हात लावला नाही, तेवढं तुझं चुकलं. ही आत जाऊन डोळे पुसून आली.

चित्रं सगळी डाव्या बाजूला घेतली आहेत, हात तिकडे पोचतो म्हणून. उजवा हात फिजिओवाली टेबलावरच ठेवायला सांगते. लोंबकळत राहिला तर खांदा निखळतो म्हणे. शेवटी हो-नकोचं पान केलं. टेबलाचा डावा अर्धा लाल, तो नको. उजवा अर्धा हिरवा, तो हो. जिथे आधी हात लागेल ते उत्तर धरायचं आणि नंतरचं सगळं सोडून द्यायचं, असं प्रोग्रॅममध्ये घातलंय, नाहीतर हात थरथरला की टेबल गोंधळतं.

आणि ताई, बाबा हो म्हणायला लागलेत. आंघोळीला हो, दाढीला हो, औषधाला हो. ही म्हणते, आजारपणाने माणूस मऊ झाला.

तुझा,
बारक्या


५ मार्च

बारक्या,

पत्र वाचून मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या भावाने असं असं केलं म्हणून. तुझं कौतुक करायची मला सवय नाही, तेव्हा हे एवढंच समजून घे.

पण बाबा आणि हो? मला सहलीला जायचं होतं, नाही. पुढे शिकायचं होतं, नाही. हे पसंत होते, तरी आधी नाहीच. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की त्यालासुद्धा आधी नाही म्हणायचे, मग हसून टेप काढायचे. आजार माणसाला बदलतो हे मी रोज ऐकते. तरी चमत्कारिक वाटलं.

आता जे लिहिते ते जपून वाच. माझ्या घरापासून चालत जाता येईल असं एक शुश्रूषा केंद्र आहे. मी आतून बघून आले. तळमजला, खोल्यांना ऊन येतं, उचलायला दोन धिप्पाड माणसं आहेत. एक जागा रिकामी होते आहे. ती कशी रिकामी होते आहे ते विचारू नकोस. तुझ्या बायकोची कंबर कायमची गेली तर बाबांचं काय आणि तुझं काय? इथे मी रोज जाऊ शकेन.

मी ठरवत नाही, तूही ठरवू नकोस. बाबांना विचार. आता विचारता येतं ना.

ताई


१४ मार्च

ताई,

विचारलं. हो म्हणाले.

मी लपवाछपवी केली नाही. समोर बसून सांगितलं, ताई राहते तिथे केंद्र आहे, हिला आता उचलवत नाही, तिथे राहायला जाल का. पान लावलं तसं लगेच हिरवं लागलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल, म्हणून परत विचारलं. परत हो. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताची मूठ टेबलावर इतक्या जोरात आपटली की आरसा हलला आणि चित्र वाकडं झालं. मी घाबरलो. ही म्हणाली, 'राग आलाय, पण हो म्हणताहेत. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ताई, ते आपल्यासाठी हो म्हणताहेत. मी त्यांच्या पायाशी बसून म्हणालो, बाबा, तुमचे उपकार आहेत आमच्यावर. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

जागा धरून ठेव. टेबल मागाहून पाठवतो, सुटं करून.

बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

बाबांना इथे सोडलंस आणि चहासुद्धा न घेता गेलास. गाडीवाला खोळंबला होता, ठीक आहे.

मी रोज कामावरून सुटल्यावर जाते. बाबा माझ्याकडे बघत नाहीत. भरवायला गेले की दात घट्ट मिटतात, नर्सने भरवलं तर खातात. मी आणलेले कपडे पलंगावरून खाली ढकलतात. डॉक्टर म्हणतात, नवी जागा आहे, रुळतील. तुझं टेबल अजून खोक्यांतच आहे. केंद्रातल्या इलेक्ट्रिशियनला त्यातलं काही कळत नाही. तो वायरी बघून म्हणाला, बाई, हे काय बॉम्ब आहे का.

तू येतो म्हणाला होतास. कधी येतोस?

ताई


२० एप्रिल

ताई,

रविवार सगळे कामात गेले. एका संमेलनाचे पडदे आम्हीच लावले. पुढच्या महिन्यात नक्की बघतो.

ही आता बरी आहे, जिना चढते. बाबांची खोली बंद ठेवून काय करायची, म्हणून रंगवून घेतली आणि तिथे हिने शिकवण्या सुरू केल्या. बाबांना हे सांगू नकोस, किंवा सांग, तुला वाटेल तसं.

टेबल जोडणं अवघड नाही. आकडे टाकलेत, एकाला एक जुळव. प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर चालू झाल्यावर आधी कॅमेऱ्याचं चित्र उघडून बघायचं. सगळं काळं दिसलं पाहिजे. हात न लावता पांढरे ठिपके दिसले तर सिलिकॉनवर घाण आहे, ओल्या फडक्याने पुसायची. मग चित्रांचं पान लाव.

बारक्या


११ मे

बारक्या,

हे पत्र बसून वाच, आणि तुझी बायको समोर असेल तर नंतर वाच.

आज रजा काढून टेबल जोडलं. बाबांना समोर बसवलं, नर्सने त्यांचा उजवा हात नेहमीप्रमाणे टेबलावर ठेवला. तू सांगितलंस तसं मी कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. डावीकडे सगळं काळं होतं. उजव्या अर्ध्यात पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका होता. मला वाटलं घाण आहे, म्हणून फडकं घेऊन पुसायला वाकले, आणि तिथे बाबांचा हात होता. ते ठिपके त्या हाताचे होते. मेलेल्या हाताचे.

मी काही न विचारता हो-नकोचं पान लावलं. लगेच हिरवं. टेबल तुझ्या बायकोच्या आवाजात म्हणालं, हो. मी विचारलं, बाबा, मी मांजर आहे का? हो. तुम्ही आज पोहायला गेला होता का? हो. नर्स हसायला लागली. मला हसू आलं नाही.

मग मी तो हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, बाबा, तुम्हाला इथे यायचं होतं का?

डावा हात लालवर पडला. पडला तो उचललाच नाही. मी पान बदललं, प्रोजेक्टर बंद केला, तरी तिथेच. नर्सने येऊन सोडवला.

तुझं टेबल चुकलं नाही. तू सांगितलंस तसंच ते वागलं. आधी लागेल तो हात धरायचा आणि नंतरचं सोडून द्यायचं. मुठीने नको म्हणाले ते नंतरचं होतं. आणि त्यांना विचार असं लिहिणारी मी होते. हे मीच लिहून टाकते, नाहीतर तू लिहिशील.

ये आणि त्यांना घेऊन जा.

ताई


१९ मे

ताई,

मांजर आणि पोहणं विचारून तुला काय मिळालं ते मला कळलं नाही. एवढी ठिपके ओळखणारी तू, तर मार्चमध्ये एकदा येऊन बघायला काय झालं होतं? मी एकटा काम सांभाळून, सिलिकॉन खरवडत, एलईडी सोल्डर करत बसलो होतो. तुझा हातभार काय, तर निगेटिव्हचे दोन तुकडे.

हिला सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाहीस. ते मुठीचं ती बोलली होती. कळलं तर स्वतःला खाऊन घेईल.

घेऊन जा म्हणणं सोपं आहे. उचलणार कोण? शिकवण्या कुठे न्यायच्या? मी नाही म्हणत नाही, अडचणी सांगतोय. तू एक कर. हात खाली ठेवून त्यांना नीट विचार, घरी यायचं आहे का. आता इतके दिवस झालेत, कदाचित रुळलेही असतील. नको म्हणाले तर आपण दोघंही सुटलो.

बारक्या


२८ मे

बारक्या,

विचारलं.

उजवा हात मांडीवर ठेवला होता. कॅमेऱ्याचं चित्र आधी बघितलं, सगळं काळं होतं. मग पान लावलं आणि विचारलं, बाबा, घरी जायचं आहे का?

मग त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं, तो हात मांडीवरून उचलला आणि हिरव्यावर नेऊन टाकला. टाकताना टेबलाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. टेबल म्हणालं, हो.

ते खरंच हो म्हणाले, की तुम्हाला हाच हात कळतो तर हा घ्या असं म्हणाले, मला माहीत नाही. मी परत विचारलं. डावा हात त्यांनी उचलला नाही. मी हात जोडले, तरी नाही. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

मी त्याला हो धरते. उचलायला माणूस ठेवू, तो मी बघते. तू गाडी घेऊन ये.

ताई


९ जून

ताई,

खूप विचार करून लिहितो आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तोच हात आणि तेच हिरवं. आपण एकदा ते हो धरलं आणि काय झालं ते तूच मला पत्रात लिहिलंस. आता परत तीच चूक करायची? त्या हाताला काही अर्थ नाही हे तूच दाखवून दिलंस. त्यांना यायचं असतं तर डाव्या हाताने सरळ हो म्हणाले असते. तो मोकळा होता. त्यांनी तो वापरला नाही, याचा अर्थ त्यांना यायचं नाही. मानी माणूस आहे, तोंडावर सांगणार नाही. इथले डॉक्टरही म्हणाले, या वयात पुन्हा हलवू नका, परत सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तेव्हा माझं मत, आहेत तिथे राहू देत. तू जवळ आहेसच.

दुसरं, मालक प्रोजेक्टर मागतोय. शाळांच्या गुणगौरव समारंभांचे दिवस सुरू झाले आणि दोन प्रोजेक्टर बिघडलेत. आमचा माणूस न्यायला येईल. दिवा निवल्याशिवाय उचलू देऊ नकोस, गरम असताना हलवला तर फुटतो.

बारक्या


१७ जून

बारक्या,

तुमचा माणूस येऊन गेला. चांगला होता, दिवा निवेपर्यंत थांबला आणि बाबांना नमस्कार करून गेला. टेबलावर आता नर्स औषधांचे ट्रे ठेवतात.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, काही न गाळता. त्यांच्या कानांना काही झालेलं नाही, हे आपण दोघंही इतके दिवस विसरलो होतो. वाचताना माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला वाटत होतं, हे ऐकल्यावर तरी ते माझ्या बाजूने होतील. माझा हात धरतील.

ऐकून झाल्यावर त्यांनी उशाजवळची घंटा दाबली. नर्स आली. त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं, मग दाराकडे. तिला वाटलं, मुलीबरोबर बाहेर मोकळ्या हवेत जाऊन बसायचं आहे, म्हणून तिने चाकाची खुर्ची पुढे घेतली. त्यांनी ती मागे ढकलली. परत बोट माझ्याकडे, परत दाराकडे. मी म्हणाले, बाबा, मी रोज येते. तो येत नाही, मी येते. बोट दाराकडेच होतं, आणि जराही थरथरत नव्हतं.

मी पिशवी उचलली. नर्स बिचारी ओशाळली. माझ्यामागे दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, 'मनावर घेऊ नका हो, त्यांना नीट सांगता येत नाही.'

मी म्हटलं, 'आज नीट सांगितलं त्यांनी.'

ताई